मानमंदिराच्या चौकात जायची तयारी, म्हणजे मुख्यतः टॉर्च

पाणी, टोपी, बूट, ज्याच्या त्याच्या गोळ्या. झालं. एवढं शाळेच्या सहलीला निघालेल्या पोरालाही कळतं, त्यावर वेळ घालवत नाही.

टॉर्च घ्या.

"मोबाइलमध्ये असते की" म्हणणार असाल तर थांबा. गेल्या फेब्रुवारीत मीही हेच म्हणालो होतो. पुण्याहून आत्या, आतोबा आणि त्यांची दोन नातवंडं ग्वाल्हेरला आली होती. माझा सगळा जन्म ग्वाल्हेरच्या लश्कर भागात गेला, किल्ला आमच्या गच्चीवरून दिसतो, मला कसली तयारी लागते, अशा थाटात मी सगळ्यांना वर घेऊन गेलो. किल्ल्यावरच्या मानमंदिर महालाच्या खालच्या मजल्याकडे वळलो तोवर माझ्या मोबाइलमध्ये साडेतीनशे फोटो जमले होते आणि बॅटरी चार टक्के उरली होती. आत्याचा फोन गाडीत. आतोबांचा बटणांचा, त्याचा उजेड स्वतःपुरताही पडत नाही. जिना अरुंद, वळणाचा, आणि नेमका वळणावर माझा फोन मेला. वटवाघळांची फडफड, धाकटीचं रडं, आणि मग टक् असा एक आवाज. ते आतोबांचं कपाळ होतं. तिथे चौकटीचा दगड चांगलाच खाली आलेला आहे. भिंत चाचपत, एकमेकांचे खांदे धरत वर आलो. ज्यासाठी उतरलो होतो ते गोल दालन राहिलं ते राहिलंच. घरी येऊन पाहतो तर टॉर्च फ्रिजवर उभी. लाइट गेले की हाताशी असावी म्हणून ती वर्षानुवर्षं तिथेच असते.

तर ही यादी त्या टेंगळाच्या पुण्याईने लिहितोय.

आधी दिवस ठरवा. सोमवार नको. किल्ला सोमवारी उघडा असतो, पण पायथ्याच्या गुजरी महालातलं संग्रहालय बंद असतं आणि पाहुणे बरोबर सोमवारीच येतात. राजा मानसिंह तोमराने (राज्यकाळ १४८६ ते १५१६) आपल्या गुजर राणीसाठी, मृगनयनीसाठी, हा महाल बांधला. तिथली ग्यारसपूरची शालभंजिका (झाडाखाली उभ्या स्त्रीची दगडी मूर्ती) पाहिल्याशिवाय पाहुण्यांना परत पाठवू नये असं माझं मत. मूर्ती हातभरही नाही, कुलपात असते, दाखवा म्हटलं की दाखवतात. न विचारता पुढे गेलात तर तुम्हाला कुणी हाक मारून बोलावणार नाही.

ऋतूचं सांगायचं तर मे-जून विसरा. पारा पंचेचाळिसाच्या पुढे जातो आणि वर सगळा दगड. डिसेंबर-जानेवारीत उलटं, सकाळी असं धुकं की चार हातांवरचं दिसत नाही, गाव तर नाहीच. ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा फेब्रुवारी-मार्च.

वेळ पहाटेनंतर जितकी लवकर जमेल तितकी. यावर घरात वाद होणार. "सुट्टीत कशाला उठवतोस" हे आत्याही म्हणाली होती. पण दहानंतर सहली येतात, एकेका गाइडमागे तीसतीस माणसं, आणि मग मानमंदिराचे चौक पाहायला मिळतात, ऐकायला मिळत नाहीत. आत लागून लागून दोन छोटे चौक आहेत. चहूबाजूंना खोल्या, दगडी जाळ्या, छज्जे पेलणारे कोरलेले प्राणी, कुठेकुठे अजून चिकटून राहिलेला निळा रंग. ज्या मानसिंहाच्या दरबारात ध्रुपद गायकी वाढली त्याचं हे घर. जाळ्यांमागे बसून राण्या गाणं ऐकत, असं सगळेच सांगतात. खरं-खोटं काही असो, सकाळी सात-साडेसातला तिथे पायरीवर बसलं की कबुतराचा पंखसुद्धा दुसऱ्या चौकातून ऐकू येतो. त्यासाठी जायचं. बाकी सगळं येता-जाता.

म्हणून एक जुना पंचा किंवा बसकर घ्या. सकाळी दगड गार असतो, आणि बसायची सोय नसली की माणसं उभ्या उभ्या फोटो काढून पाच मिनिटांत "चला" म्हणतात. खायचं आत नेऊ नका. चिवड्याच्या पिशवीचा आवाज त्या चौकात कसा घुमतो ते मी ऐकलंय, आणि पिशवी आमचीच होती.

टॉर्च घेतलीत का? अजून घरीच आहात तोवर विचारतोय.

वर जायच्या वाटा दोन. पश्चिमेकडून उरवाई दरवाजा, तिथून गाडी थेट वर जाते. ईशान्येकडून ग्वाल्हेर दरवाजा, तिथून फक्त पायी. गुडघे ठीक असतील तर पायीच चढा. दरवाज्यामागून दरवाजे लागतात, आलमगिरी (१६६०चा, औरंगजेबाच्या काळातला), हिंडोला, गणेश, लक्ष्मण, आणि शेवटी हत्ती पोळ. वर मान केली की मानमंदिराची पूर्वेची भिंत, सुमारे ३०० फूट लांब आणि ८० फूट उंच, नेमकी सकाळच्या उन्हात. गाडीने गेलात तर हे दृश्य गेलं. फरसबंदी मात्र घासून गुळगुळीत झालेली आहे. चपला, सँडल, नवे कोरे चामडी बूट, यातलं काही चालणार नाही. आणि गाडी ज्या दरवाज्याला ठेवाल त्याच दरवाज्याने उतरा, नाहीतर कुणाला तरी गाडी वळसा घालून वर आणायला सांगा. किल्ल्याचा डोंगर जवळपास तीन किलोमीटर लांब आहे. उरवाईला उतरून गाडी ग्वाल्हेर दरवाज्याला असल्याचं आठवणं काही मजेचं नाही.

चढणीवरच, हत्ती पोळाच्या खाली, चतुर्भुज मंदिर आहे. अखंड खडकातून कोरलेलं, एवढंसं. दहातले आठ जण दम खात त्याच्या समोरून निघून जातात. आत भिंतीवर सन ८७६चा शिलालेख आहे. देवासाठी दिलेल्या बागेची मापं त्यात आहेत, लांबी २७० हात, रुंदी १८७, आणि रोज द्यायच्या हारांची संख्या ५०. या २७० मधलं आणि ५० मधलं शून्य, आपण आज काढतो तसंच वाटोळं, पण आकाराने बारीक. जगात शून्य लिहिल्याचे जे फार जुने पुरावे टिकलेत त्यात याची गणती होते. आता हे कसं पाहणार? समोरून उजेड मारला तर अक्षरं दगडात विरघळतात. उजेड बाजूने, भिंतीला घासून, तिरपा टाकावा लागतो, मग खोदलेल्या रेघेत सावली पडते आणि आकडा उठून येतो. हे मोबाइलने जमतं म्हणतात, पण एका हाताने मोबाइल भिंतीला टेकवून दुसऱ्या हाताने कशाने फोटो काढणार? टॉर्च. आत्याच्या मोठ्या नातवाला, आठवीतल्या गणितवेड्या पोराला, मी ते शून्य दाखवू शकलो नाही. "इथेच कुठेतरी आहे" म्हणालो. गाइड म्हणून माझी अब्रू तिथेच गेली होती, जिन्यापर्यंत थांबली नाही.

सुटे पैसे ठेवा. तिकीट काढलं की फेकू नका, खिशात ठेवा, वर एकापेक्षा जास्त ठिकाणी दाखवावं लागतं. आणि सगळं एकाच तिकिटात येतं असं गृहीत धरू नका, कुठलं तिकीट कुठे चालतं ते खिडकीवरच विचारून घ्या.

मानमंदिराच्या आत शिरण्याआधी दक्षिणेची भिंत बाहेरून नीट पाहा. निळ्या, हिरव्या, पिवळ्या फरश्या, त्यात केळीची झाडं, हत्ती, मगरी, आणि रांगेत चाललेली पिवळी बदकं. मुलं असतील तर बदकं मोजायला लावा, दहा मिनिटं तुमची. मग आत, चौकात, पंचा टाकून बसा. घाई करू नका. इथे मी काही सांगत नाही, बसा नुसते.

आता खालचे मजले. जमिनीखाली दोन आहेत. मानसिंहाच्या काळात उन्हाळ्यातल्या गारव्यासाठी केलेले, म्हणून हवा खेळती राहावी अशी भिंतीतून सोय आहे. गाइड लोक झोपाळ्याच्या कड्याही दाखवतात. पुढे मोगलांनी अख्खा किल्लाच राजकैद्यांसाठी वापरला. औरंगजेबाचा सख्खा भाऊ मुराद इथेच कैदेत होता आणि १६६१ मध्ये इथेच त्याला मारलं. शिखांचे सहावे गुरु हरगोविंद यांना जहांगीराने याच किल्ल्यात ठेवलं होतं. म्हणजे झोपाळ्याची जागा ती कोठडीची जागा. अंधारात उभं राहिल्यावर हे अंगावर येतं, पण त्यासाठी आधी उजेडात खाली पोचावं लागतं.

तेव्हा टॉर्चचं आता सविस्तर. एक पुरत नाही. दोन घ्या, एक सगळ्यात पुढच्याकडे, एक सगळ्यात मागच्याकडे, पोरं मधे. मोठी नको, खिशात मावेल अशी, मनगटात अडकवायची दोरी असलेली, कारण जिन्यावर हात भिंतीला हवा. डोक्याला बांधायची मिळाली तर सोन्याहून पिवळं. सेल आदल्या रात्री बदला, "गेल्या दिवाळीत घातले होते, असतील" यावर जाऊ नका. जुने सेल आतच फुटून हिरवी बुरशी धरलेली टॉर्च म्हणजे नुसतं वजन. उजेड पायाशी धरा. छताकडे मारू नका, तिथे वटवाघळं आहेत, त्यांना झोपू द्या. ती उठली की तुम्ही वाकायचं विसरता आणि चौकटीचा दगड वाटच पाहत असतो. आतोबांना विचारा. नाकाला रुमाल लावा, वास उग्र आहे. ज्यांना दम लागतो किंवा कोंडल्यासारखं होतं त्यांनी वर चौकातच बसावं, यात कमीपणा काही नाही, खरं तर चांगली जागा त्यांनाच मिळते. आणि खालचा दरवाजा बंद असला तर चौकीदाराशी हुज्जत घालू नका, पैसे तर काढूच नका.

मोबाइल विमान-मोडवर टाकून खिशात ठेवला तर तो दुसरी टॉर्च म्हणून चालेल का, असं भाचा विचारत होता. नाही. तिसरी म्हणून चालेल.

बाहेर आलात की ऊन चढलेलं असतं, लोक आलेले असतात, आणि पाय बोलायला लागतात. इथून पुढे प्रत्येकाची शक्ती बघून. उत्तरेला जौहर कुंड आहे. १२३२ मध्ये दिल्लीचा सुलतान इल्तुतमिशाने किल्ला घेतला तेव्हा इथल्या स्त्रियांनी जौहर केला, तिथे जाताना आवाज जरा खाली ठेवा. दक्षिणेकडे सास-बहू मंदिरं. नाव मूळचं सहस्रबाहू, म्हणजे विष्णू, १०९३ची. सासूचं मोठं आणि सुनेचं लहान यावरचा विनोद आत्याने केला, तुमच्यातही कुणीतरी करेल, करू द्या. मागच्या कठड्यापाशी जा, खाली सगळं गाव पसरलेलं दिसतं. चौकाच्या खालोखाल शांत जागा हीच. तेली मंदिर सुमारे १०० फूट उंच, वेगळ्याच घडणीचं, बाहेरून एक फेरी मारा. गुरुद्वारात डोकं झाकायला लागतं, मघाचा नाकाचा रुमाल नको, दुसरा ठेवा.

१८५८ नंतर किल्ला इंग्रजांकडे होता आणि १८८६ मध्ये त्यांनी झाशी घेऊन तो शिंद्यांना परत दिला, हे पाहुण्यांना गाडीतच सांगून टाका. वर कुणी ऐकत नाही.

उतरताना उरवाईच्या वाटेवर जैन मूर्ती. डोंगरच कोरलेला, सगळ्यात मोठी आदिनाथांची ५७ फुटी. बऱ्याच मूर्तींचे चेहरे बाबराच्या हुकमाने फोडलेले, त्याने स्वतःच लिहून ठेवलंय. गाडी थांबवायला जागा कमी असते, आधीच एका कडेला लावा.

राणी लक्ष्मीबाईंची समाधी खाली फूलबागेत. त्याच दिवशी कोंबू नका. तानसेनाची कबरही दुसऱ्या दिवशी. जेवण घरी. थंडी असेल तर गजक (तीळ-गुळाची मिठाई) येताना घ्या, वर मिळेल या भरवशावर राहू नका.

परवा नागपूरची मंडळी येतायत. दोन टॉर्च दाराशी, चपलांच्या रॅकवर ठेवल्यात. सेल आणायला आत्ता खाली चाललोय.