हक्कसोड पत्र टाइप करण्याआधी एक प्रश्न विचारा

"मॅडम, हे त्या दिवशीच का नाही सांगितलंत?"

फेब्रुवारी २०२०. कोथरूडमधलं एका अशिलाचं घर, जेवणाचं टेबल, त्यावर आईवडिलांच्या घराच्या विक्रीवरचा, सीएने काढून दिलेला कराचा हिशेब. तीन भावंडांतल्या मोठ्या ताईंनी तो कागद एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला, त्याच्या चार घड्या घालून पर्समध्ये ठेवला आणि मला हे विचारलं. मला वकिली सुरू करून तेव्हा तिसरं वर्ष चालू होतं. माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज मालमत्ता, वारसा आणि कर यांच्या कामात नव्याने येणारी मुलंमुली मला विचारतात, "काय वाचू, कुणाकडे लागू?" तेव्हा मला पहिल्यांदा तो घडी घातलेला कागद आठवतो.

सनद, बार परीक्षा, शिवाजीनगर कोर्टातल्या तारखा, दुय्यम निबंधकांकडे टोकन घेऊन बसणं हे तुम्हाला माहीतच आहे, त्यावर लिहीत नाही. ज्यात मी अडकले त्यावर सविस्तर लिहिते.

वडिलांनी १९७८ मध्ये घेतलेला प्लॉट, त्यावर बांधलेलं छोटं घर. आईवडील दोघंही गेलेले, मृत्युपत्र नाही. वारस तीन: पुण्यातला भाऊ, साताऱ्याच्या मोठ्या ताई, बंगळुरूला असलेली धाकटी बहीण. तिघांत काडीचंही भांडण नव्हतं. भाऊ म्हणाला, "गिऱ्हाईक आलंय, पण दर वेळी तिघांनी सह्यांना यायचं म्हणजे त्रास. बहिणी हक्क सोडतात, मी विकतो आणि तीन भाग करतो." मला हे इतकं सरळ वाटलं, की मी ऑफिसातला जुना नमुना उघडला, नावं, क्षेत्र, चतु:सीमा बदलल्या आणि एका दुपारीत हक्कसोड पत्र तयार केलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये नोंदणी झाली, नोव्हेंबरमध्ये खरेदीखत. भावाने शब्द पाळला, आठवड्याच्या आत दोघींच्या खात्यात त्यांचा हिस्सा गेला.

आता हिशेब बघा. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून आकडे बदललेत, रीत तीच आहे. विक्री २ कोटी ४० लाखांना. खरेदी २००१ आधीची, म्हणून खर्च धरला तो १ एप्रिल २००१ च्या बाजारभावाने, ३० लाख. २००१ चा महागाई निर्देशांक १०० धरला तर २०१९-२० चा २८९, म्हणजे इंडेक्सेशन करून, महागाईप्रमाणे वाढवून, खर्च ८६ लाख ७० हजार. भांडवली नफा १ कोटी ५३ लाख ३० हजार. तेव्हाच्या आयकर कायद्याच्या कलम ५४ ईसीप्रमाणे हा नफा ठराविक सरकारी संस्थांच्या बाँडमध्ये गुंतवला तर सूट मिळायची, पण एका करदात्याला मर्यादा ५० लाख. हक्कसोड झाल्यामुळे कागदावर मालक एकच होता. त्याने ५० लाखांचे बाँड घेतले, तरी १ कोटी ३ लाख ३० हजारांवर २० टक्के, म्हणजे २० लाख ६६ हजार कर. त्यावर अधिभार आणि उपकर, एकूण २४ लाखांच्या वर.

हीच विक्री तिघांनी मिळून केली असती तर? प्रत्येकाचा नफा ५१ लाख १० हजार. प्रत्येकाने ५० लाखांचे बाँड घेतले असते, तर करपात्र उरले असते १ लाख १० हजार. कर प्रत्येकी २२ हजार, तिघांचा मिळून ६६ हजार, अधिक उपकर.

पुन्हा वाचा. घर तेच, भाव तोच, भावंडं तीच. बदलला फक्त कागदांचा क्रम. भावाच्या वाट्याला आलेल्या ८० लाखांतले ५० लाख पाच वर्षांसाठी बाँडमध्ये गेले, २४ लाखांच्या वर करात गेले. आईवडिलांच्या घराच्या बदल्यात त्याच्या हातात उरले सहा लाखांच्या आत. आणि बहिणींनी कर भरायचा प्रश्नच नव्हता, कारण कायद्याच्या दृष्टीने त्यांनी काही विकलंच नव्हतं. भावाकडून मिळालेली रक्कम नातेवाइकाची भेट ठरते, तिच्यावर कर नाही. तीसुद्धा नीट लिहून ठेवली नाही, तर पुढे कुणी विचारू शकतं, की हा हक्क सोडल्याचा मोबदला तर नव्हे? तसं ठरलं की सगळंच चित्र बदलतं.

माझी चूक अज्ञानाची असती तर मला इतकं लागलं नसतं. मला त्याच आयकर कायद्याचं कलम ४९ माहीत होतं, म्हणजे वारशाने आलेल्या मालमत्तेची किंमत मूळ मालकाची धरायची. मुंबई उच्च न्यायालयाचा मंजुळा शहा प्रकरणातला २०११ चा निकाल मी वाचला होता, म्हणजे इंडेक्सेशन मूळ मालकाच्या काळापासून मिळतं, वारसा मिळाल्याच्या वर्षापासून नव्हे. फक्त हे सगळं माझ्या डोक्यात कराच्या कप्प्यात होतं आणि हक्कसोड पत्र मालमत्तेच्या कप्प्यात. दोन्ही कप्पे एकाच वेळी उघडायचे असतात, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मीही विचारलं नव्हतं.

म्हणून आता मी हक्कसोड पत्र मागायला आलेल्या प्रत्येकाला आधी एकच विचारते: "घर ठेवायचंय की विकायचंय?" ठेवायचं असेल, भाऊ तिथेच राहणार असेल आणि बहिणी मनापासून हक्क सोडत असतील, तर हक्कसोड पत्र उत्तम, जरूर करा. विकायचं असेल तर थांबा. सह्यांना येणं जमत नसेल, तर नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र आहे. बहीण मालक राहते, भाऊ तिच्या वतीने सही करतो, पैसे थेट तिच्या खात्यात येतात, तिची सूट तिच्याकडे राहते. कागद जवळजवळ तितकाच, पानं दोन जास्त.

आणि भावंड परदेशी असेल तर आणखी सावध. "अनिवासीचा टीडीएस नको, तिच्याकडून हक्क सोडवून घेऊ," असं सुचवणारे जागोजागी भेटतील. निवासी विक्रेत्याच्या ५० लाखांवरच्या व्यवहारात खरेदीदार १ टक्का कापतो, अनिवासीच्या बाबतीत तो कितीतरी जास्त कापतो, हे खरं. पण त्यावर उपाय कमी दराने कपात करण्याचं प्रमाणपत्र आहे. ते विक्रीच्या आधी मागायचं असतं, म्हणजे खरेदीदाराकडून इसार घ्यायच्या वेळीच कामाला लागायचं.

हे वाचून घाबरलात तर मला वाईट वाटेल. हे काम अवघड नाही, त्याला सवय लागते. माणसं चुकतात आणि उभीही राहतात. त्या घरातल्या धाकट्या बहिणीने त्याच आठवड्यात, "दादाने एकट्याने का सोसायचं," म्हणून आपल्या वाट्यातला कराचा हिस्सा परत पाठवला. मोठ्या ताईंनीही पाठवला. माझ्या सिनिअरनी फी परत केली आणि मला एका शब्दानेही बोलले नाहीत. ते बोलले असते तर मला बरं वाटलं असतं.

सिनिअरबद्दल माझं मत ठाम आहे. तुमच्या प्रत्येक मसुद्याला "छान" म्हणणाऱ्या ऑफिसात वर्षापेक्षा जास्त थांबू नका. लाल पेनने पान भरून टाकणारा, पण "हा शब्द का घातलास?" असं विचारणारा माणूस शोधा, मानधन कमी असलं तरी. आणि जून-जुलैचे दोन महिने एखाद्या सीएच्या ऑफिसात बसा. विद्यापीठाची करकायद्याची पदविका चांगलीच आहे, मीही केली. पण विवरणपत्र भरताना भांडवली नफ्याचा तक्ता स्वतःच्या हाताने भरल्याशिवाय घराच्या विक्रीवरची सूट अंगात मुरत नाही. नमुन्यांच्या पेनड्राइव्हवर माझा विश्वास नाही. आता यंत्राकडून मसुदा लिहून घेतात, त्यावरही नाही. नमुना चुकीचा नसतो, पण समोरच्या घरात काय चाललंय हे त्याला ठाऊक नसतं.

दुसरी सवय: वंशावळ स्वतः काढा. अशील "वडिलोपार्जित" म्हणाला की लगेच मान डोलावू नका. पुण्यात वडिलांकडून आलेल्या प्रत्येक गोष्टीला वडिलोपार्जितच म्हणतात. वडिलांनी स्वतः घेतलेली आणि १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ ने मुलांकडे आलेली मालमत्ता प्रत्येकाची स्वतःची असते. चंदर सेन प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्येच हे सांगितलं. ती एकत्र कुटुंबाच्या नावाने विवरणपत्रात दाखवायची नसते. उलट आजोबा-पणजोबांपासून सामाईक चालत आलेली जमीन असेल, तर मुलींचा हक्क जन्माने आहे. महाराष्ट्राने तो १९९४ मध्येच दिला होता, पण त्या वर्षी २२ जूनच्या आधी लग्न झालेल्या मुलींना वगळून. केंद्राच्या दुरुस्तीने ९ सप्टेंबर २००५ पासून ती अट गेली आणि सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालाने ११ ऑगस्ट २०२० ला, वडील ९ सप्टेंबर २००५ ला हयात असण्याची गरज नाही, हे पक्कं केलं. २० डिसेंबर २००४ आधीची नोंदणीकृत किंवा कोर्टातून झालेली वाटणी मात्र कायम राहते. त्यामुळे सातबारा बघून थांबू नका, फेरफार मागे मागे वाचत जा. एकत्र कुटुंब मॅनेजर म्हणून एकाच भावाचं नाव लागलेली जुनी नोंद दिसली, तर बाकीची नावं कुठे गेली ते शोधा. जमलं तर मोडी शिका. पुण्याच्या जुन्या कुटुंबांच्या ट्रंकांत मोडीतले कागद निघतात, आणि ते वाचणारा वकील त्या टेबलावर सगळ्यांत आधी ऐकला जातो.

२०२५ मध्ये राज्यभर झालेल्या "जिवंत सातबारा" मोहिमेमुळे मयत खातेदारांच्या जागी वारसांची नावं लागली. त्यानंतर आमच्याकडे, "नाव लागलं, आता विकू," म्हणत येणारे वाढले. त्यांना दोन गोष्टी सांगाव्या लागतात. नाव लागणं म्हणजे वाटणी होणं नव्हे. आणि "शेतजमिनीवर कर नाही" हे पुण्याभोवती बहुतेक ठिकाणी चालत नाही. २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये २३ गावं महापालिकेत आली. मोठ्या शहराच्या हद्दीबाहेरही हवाई अंतराने ८ किलोमीटरपर्यंतची शेतजमीन भांडवली मालमत्ता धरली जाते, म्हणजे विक्रीच्या नफ्यावर कर लागतो. गट नंबर नकाशावर ठेवून अंतर बघा, तलाठ्याच्या तोंडी भरवशावर राहू नका.

नॉमिनी मालक नसतो, तो ताबा घेणारा विश्वस्त. शेअर्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये हेच सांगितलं. सोसायटीतही नॉमिनी वारस ठरेपर्यंत तात्पुरता सदस्य. बँकेत आता चार नॉमिनी लावता येतात, म्हणून मृत्युपत्र नको, असं समजणाऱ्या अशिलाला घरी परत पाठवू नका, तिथेच बसवून मृत्युपत्राचा विषय काढा. प्रोबेटचं, म्हणजे मृत्युपत्रावर कोर्टाकडून शिक्कामोर्तब करून घेण्याचं म्हणाल, तर पुण्यातल्या मालमत्तेला ते सक्तीचं नव्हतंच. मुंबईत फ्लॅट असला की लागायचं. डिसेंबर २०२५ मध्ये भारतीय उत्तराधिकार कायद्यातलं ते सक्तीचं कलम २१३ च काढून टाकलं. जुन्या सल्लापत्रांत ते वाक्य अजून असेल तर खोडा.

कायदा बदलला की ऑफिसात खरं काम काय असतं, हे मला २३ जुलै २०२४ ला कळलं. अर्थसंकल्पात दीर्घ मुदतीच्या भांडवली नफ्याचा दर साडेबारा टक्के झाला आणि इंडेक्सेशन गेलं. दुपारी तीनपर्यंत फोन थांबेनात. कुणाला त्या दिवशीच बक्षीसपत्र करायचं होतं, कुणाला ठरलेला व्यवहार मोडायचा होता. आम्ही एवढंच केलं: वारशाची मालमत्ता विकायच्या बेतात असलेल्या अशिलांची यादी काढली, प्रत्येकाचे दोन हिशेब मांडले आणि कुणालाही सही करू दिली नाही. ऑगस्टमध्ये सरकारने निवासी व्यक्तींना २३ जुलै आधी घेतलेल्या जमीन-इमारतींसाठी पर्याय दिला, साडेबारा टक्के किंवा इंडेक्सेशनसह वीस, जो कर कमी पडेल तो. अर्थसंकल्पाच्या दिवशी सल्ला देऊ नका. विधेयक मंजूर होऊ द्या. अशील चिडला तरी चालेल.

वारसा कराच्या अफवेलाही हेच. १९८५ मध्ये इस्टेट ड्यूटी, म्हणजे मृत्यूनंतर मालमत्तेवर लागणारा कर, रद्द झाली, तेव्हापासून भारतात वारसा मिळाल्याबद्दल कर नाही. कर येतो तो विकताना. २०२४ च्या निवडणुकीत त्यावर चर्चा झाली तेव्हा कित्येक आजीआजोबा घाबरून राहतं घर मुलांच्या नावे करायला निघाले होते. त्यांना थांबवणं हेही आपलंच काम. बक्षीसपत्र करायचंच असेल, तर सांभाळ करण्याची अट त्यात स्पष्ट लिहा. सांभाळ झाला नाही तर ते बक्षीसपत्र रद्द करून घ्यायला ज्येष्ठांच्या २००७ च्या कायद्याचं कलम २३ मग मदतीला येतं.

नवा आयकर कायदा १ एप्रिल २०२६ पासून लागू. कलमांचे आकडे बदलले, "आकारणी वर्ष" जाऊन "कर वर्ष" आलं. तुमच्या संगणकातल्या प्रत्येक नमुन्यात जुने आकडे आहेत. एक शनिवार द्या आणि स्वतः बसून तपासा, ज्युनिअरवर सोपवू नका.

मागच्या महिन्यात तीन भावंडं आली. तोच बेत, तीच घाई. धाकटा म्हणाला, "मॅडम, फक्त एक हक्कसोड करून द्या, गिऱ्हाईक शुक्रवारी येतंय." मी विचारलं, ठेवायचंय की विकायचंय. विकायचंच होतं. मी कोरा कागद घेतला, दोन रकाने पाडले, एकात एक मालक, दुसऱ्यात तीन. आजच्या साडेबारा टक्क्यांनीही, त्या २ कोटी ४० लाखांच्या उदाहरणात, फरक साडेबारा लाखांचा पडतो, तो आधी दाखवला, मग त्यांचा काढला. मोठी बहीण कागदाकडे बघत राहिली. कुलमुखत्यारपत्र दोन दिवसांत झालं, शुक्रवारचं गिऱ्हाईक सोमवारी आलं, आणि बाँड घ्यायची सहा महिन्यांची शेवटची तारीख मी तिघांच्याही फाइलवर लाल शाईने लिहिली.