हेल्पर फंक्शन्स एकदाच लिहा, दर अर्डुइनो स्केचमध्ये (प्रोग्रॅममध्ये) पेस्ट नको

बटण डिबाउन्स (एकदा दाबलेलं बटण अनेकदा दाबल्यासारखं मोजलं जाऊ न देणं), सेन्सरची सरासरी असली फंक्शन्स दर अर्डुइनो प्रोजेक्टमध्ये कॉपी-पेस्ट करत बसू नका, स्केचबुकच्या (स्केचेस साठतात त्या फोल्डरच्या) लायब्ररीज फोल्डरमध्ये आपलं एक फोल्डर करा, हेडर (.h) फाईलमध्ये फक्त डिक्लेरेशन, म्हणजे फंक्शनचं नाव आणि आर्ग्युमेंट्स, आणि खरा कोड सीपीपी (.cpp) फाईलमध्ये, नाहीतर दोन फायलींनी तेच हेडर घेतलं की लिंकर (सगळ्या फायलींचा कोड जोडणारा प्रोग्रॅम) 'मल्टिपल डेफिनिशन' म्हणून बोंब मारतो. सीपीपीत वर अर्डुइनो डॉट एच इन्क्लूड करा, स्केचच्या इनो (.ino) फाईलला ते आपोआप मिळतं, इथे नाही. पिन नंबर फंक्शनच्या आत पक्का न लिहिता आर्ग्युमेंटने द्या. आणि हो, डिबाउन्सची मागची वेळ (बटण शेवटचं कधी बदललं) फंक्शनच्या आत स्टॅटिक (दोन कॉलच्या मधेही किंमत टिकणारं व्हेरिएबल) ठेवली तर एका बटणापुरतं ठीक, दुसरं जोडलं की दोघं एकच व्हेरिएबल वापरतात आणि सगळा गोंधळ, त्यापेक्षा प्रत्येक बटणाला वेगळं स्ट्रक्ट (त्या बटणाची माहिती एकत्र ठेवणारा गठ्ठा).