‘सेलच स्लो आहे’ म्हणण्याआधी: स्पीड-स्लॅलम सेलची तुलना करताना या चुका टाळा

फेब्रुवारीनंतर दुपारचा वायव्येचा वारा धरायला लागला की वाशी-नेरूळकडच्या आमच्या विंडसर्फिंगवाल्या मंडळींत एकच विषय असतो: कोणाचा सेल, म्हणजे फळीवरचं शीड, फास्ट? विषय चांगलाच आहे, पण ज्या रीतीने तुलना होते ती पाहून जीव तुटतो. धडधाकट सेल ‘स्लो’ ठरवून मातीमोल भावाने विकले जातात, कर्ज काढल्यासारखे नवे घेतले जातात, आणि पुढच्या सीझनला नव्याबद्दलही तीच तक्रार. ज्या चुकीने सर्वांत जास्त पैसे बुडतात ती आधी घेतो.

हाताशी असेल तो मास्ट (सेलची काठी) घालणं

खारघरचा एक मुलगा. हौशी, अंगात दम असलेला. त्याने चार कॅमचा (कॅम म्हणजे सेलच्या पट्ट्या मास्टला टेकवणारे प्लास्टिकचे चिमटे), 7.8 चौरस मीटरचा जुना स्लॅलम सेल (वळणांच्या शर्यतीचा) स्वस्तात मिळवला. दोन वीकेंड झाले आणि म्हणाला, “काका, हा सेल डेड आहे. विकून टाकतो.”

“मास्ट कुठला घालतोस?”

“460च आहे की. सेलवर तेच लिहिलंय.”

लिहिलेलं बरोबर होतं: लफ (सेलची पुढची कड) 488 सेंमी, मास्ट 460, म्हणजे एक्स्टेन्शन (मास्टखाली जोडायचा तुकडा) 28. पण त्याचा मास्ट फ्रीराइड (मौजेने पळायच्या) सेलबरोबर आलेला, कमी कार्बनचा आणि भलत्याच वाकाचा. सेलचा वरचा भाग उघडतच नव्हता, त्यामुळे झोत आला की सेल त्याला उभा करून खेचायचा. प्रत्येक जाइबनंतर (वाऱ्याकडे पाठ ठेवून घेतलेल्या वळणानंतर) कॅम अर्धवट अडकायचे आणि हा गुडघ्याने स्लीव्हला (मास्टच्या खोळीला) ढुशा द्यायचा. कॅम फिरावेत म्हणून आउटहॉल (सेल मागे ताणणारी दोरी) ओढत गेला, तर सेल पाटासारखा सपाट. मग जोर कुठून येणार?

मी त्याला पाण्यावर नेलंच नाही. एका मित्राकडून त्या सेलला जुळणारा मास्ट आणला आणि नेरूळला आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये सेल उभा केला. डाऊनहॉल (सेल खाली ताणणारी दोरी) पूर्ण ओढल्यावर वरच्या तीन आडव्या पट्ट्यांपर्यंत लीच (सेलची मागची कड) सैल पडली. कॅम हाताच्या हलक्या ओढीने टक्कन फिरले. सेल तोच, फक्त आतली काठी बदलली होती. पुढच्या वाऱ्याला तो मुलगा झोतातही हार्नेसमध्ये (कमरेच्या पट्ट्यात) बसून राहिला आणि विकण्याचं नाव त्याने पुन्हा काढलं नाही.

कारण सरळ आहे. रेस सेलची लफ एका विशिष्ट मास्टचा वाक धरून कापलेली असते. मास्टवर आयएमसीएसचा आकडा असतो: मास्ट दोन टोकांना टेकवून मधोमध 30 किलो टांगतात, किती वाकला ते मोजतात आणि त्याने लांबीला भागतात. 430ला साधारण 21, 460ला 25, 490ला 29. हा झाला कडकपणा. पण तेवढ्यावर थांबू नका. मास्ट वर जास्त वाकतो की खाली, हे वेगळं. त्यावरून हार्ड टॉप, कॉन्स्टंट कर्व्ह आणि फ्लेक्स टॉप असे प्रकार पडतात. 25 आकड्याचे दोन मास्ट एकाच सेलमध्ये दोन वेगळे सेल तयार करतात. खारघरच्या मुलाचं नेमकं हेच झालं होतं.

माझी सवय: सेल आणि मास्ट एकाच कंपनीचे, जवळपासच्या वर्षांतले. ते जमत नसेल तर निदान वाकाचा प्रकार तोच. रेस सेलमध्ये 90 टक्क्यांखालचं कार्बन मी घालत नाही. नवा सेल घ्यायला पैसे आहेत आणि मास्टला नाहीत, असं कोणी सांगितलं की मी त्याला जुना सेल आणि चांगला मास्ट घ्यायला लावतो.

डाऊनहॉलला हात आखडणं

वरची लीच लुळी पडलेली पाहून नवे लोक घाबरतात आणि दोरी सोडतात. रेस सेल जमिनीवर ओंगळ दिसलाच पाहिजे. हाताने ओढून तो कधीच पुरेसा ताणला जात नाही, क्रॅंक (दोरी ओढायचा दांडा) घ्या. बूमवर (हातात धरायच्या आडव्या दांडीवर) आणि एक्स्टेन्शनवर मार्करने खुणा करून ठेवा, म्हणजे दर वेळी अंदाज बांधावा लागत नाही. वारा वाढला तर आधी डाऊनहॉल एक-दोन सेंटिमीटर वाढवा, आउटहॉलला नंतर हात लावा. बहुतेक जण उलटं करतात.

ओहोटीला एक सेल, भरतीला दुसरा

ही आपल्या खाडीची खास चूक आहे आणि यावर मी कितीही बोललो तरी ती थांबत नाही.

हातातलं जीपीएस घड्याळ जमिनीच्या संदर्भात वेग मोजतं, पाण्याच्या नाही. उधाणाला आपल्याकडे पाणी चार मीटरच्या वर चढतं-उतरतं, आणि एवढं सगळं पाणी खाडीच्या अरुंद तोंडातून ये-जा करतं. समजा प्रवाह दोन नॉटचा (एक नॉट म्हणजे ताशी 1.85 किलोमीटर) आहे आणि तुम्ही पाण्यावर 28ने चाललाय. प्रवाहाबरोबर घड्याळ 30 दाखवेल, विरुद्ध 26. चार नॉटचा फरक, सेल न बदलता! दोन चांगल्या सेलमध्ये जेमतेम एखाद्या नॉटचा फरक असतो, आणि लोक या चार नॉटांवर सेल विकतात.

वाऱ्याचंही तेच. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. 14 नॉटचा वारा 17 झाला तर सेलवरचा जोर जवळपास दीडपट होतो. “शनिवारी या सेलने जास्त पळालो” याला म्हणूनच काही अर्थ नाही. फोनवरच्या अंदाजातला वारा तुमच्या अंगावरचा वारा नसतो. हातात धरायचा वारामापक घ्या आणि पाण्याच्या कडेला उभे राहून मोजा.

मी तुलना शक्यतो अष्टमी-नवमीच्या भांगाला (मंद भरती-ओहोटीला) करतो, आणि भरती भरून पाणी थबकतं त्याच्या आगेमागे. तेव्हा प्रवाह कमी असतो आणि खाली चिखलाऐवजी पाणी असतं. दोघांनी मिळून करायची: एकाच रेषेवर जाऊन-येऊन चार-पाच रन, मग सेलांची अदलाबदल, आणि शेवटी पुन्हा पहिला सेल. पहिल्या सेलचे सुरुवातीचे आणि शेवटचे आकडेच जुळत नसतील तर वारा बदललाय. त्या दिवशीचे आकडे सरळ टाकून द्या. एवढा धीर नसेल तर तुलना करू नका, नुसते मजेत पळा.

स्पीडचा आकडा बघून स्लॅलम सेल निवडणं

2015 मध्ये फ्रेंच विंडसर्फर अँटवान अल्बोने नामिबियातल्या लुडेरिट्झला 500 मीटरवर 53.27 नॉट, म्हणजे ताशी 98 किलोमीटरच्या वर, सरासरी वेग काढला. ते पाहून इथले लोक 5.4चा स्पीड सेल शोधू लागतात. लुडेरिट्झचा तो मार्ग म्हणजे मुद्दाम खणलेला कालवा. पाणी सपाट, वारा वादळी, दिशा एकच. आपल्याकडे उन्हाळ्यातल्या चांगल्या दुपारी 12 ते 15 नॉट मिळतात. त्यात 5.4 घेऊन तुम्ही नुसते तरंगाल.

स्पीड सेलला एका दिशेत, भरपूर वाऱ्यात, स्थिर राहायचं असतं. स्लॅलमला प्रत्येक मार्कला (शर्यतीच्या खुणेच्या बोयाला) जाइब घेऊन पुन्हा उसळी घ्यायची असते. पंप केल्यावर (सेल झटके देऊन हलवल्यावर) तो लगेच धरतो का, कॅम न अडकता फिरतात का, हे तिथे जास्त मोलाचं. म्हणून स्लॅलमसाठी दोन सेकंदांचा पीक (सर्वोच्च वेग) पाहूच नका. अल्फा 500 पाहा: 500 मीटरच्या आत जाऊन, जाइब मारून, सुरुवातीच्या जागेपासून 50 मीटरच्या आत परत यायचं. यात जाणं आणि येणं दोन्ही असल्याने प्रवाहाची लबाडीही बरीचशी कमी होते. स्पीडसाठी पाच वेळा दहा सेकंदांची सरासरी बरी.

आणि एक अडचण जी कोणी धरत नाही: रेस सेलची स्लीव्ह रुंद असते, पडलात की पाणी भरतं आणि वॉटरस्टार्ट (वाऱ्याच्या ओढीने पाण्यातून उठून उभं राहणं) जड जातो. ज्याला अजून दहापैकी आठ जाइब जमत नाहीत त्याने दोन कॅमचा किंवा बिनकॅमचा सेल घ्यावा. तो दिवसभरात जास्त वेगाने पळेल, कारण तो जास्त वेळ उभा असेल.

बाकीच्या थोडक्यात

फिन (फळीखालचं पातं) न बदलता सेल बदलू नका. 7.8 सेलची फिन 6.2 सेलखाली लावली की बोर्ड उचलतो आणि दोष सेलला जातो. हार्नेस लाइन (बूमवरची हार्नेस अडकवायची दोरी) प्रत्येक सेलला नव्याने बसवा. दोन्ही सेलना बूम एकाच उंचीवर ठेवा. पट्ट्यांवर उभ्या सुरकुत्या दिसल्या तर त्यांचा ताण वाढवा.

एप्रिलच्या उन्हात रिग केलेला सेल काठावर पसरून जेवायला जाऊ नका, मोनोफिल्म (सेलचं पारदर्शक प्लास्टिक) त्यानेच ठिसूळ होते. जुना सेल घेताना खिडकी उजेडासमोर धरून हलकेच वाकवा, पिवळट होऊन कुरकुरत असेल तर सोडून द्या. मास्टच्या जोडावर टेप लावा, नाहीतर खाडीचा चिखल आत जाऊन दोन तुकडे एकमेकांना सोडत नाहीत. सेल उतरवताना आधी आउटहॉल सोडा, मग डाऊनहॉल, मग कॅम एकेक करून मास्टवरून काढा, आणि त्यानंतरच मास्टला हात लावा. घाईत ओढलेल्या मास्टने कॅम तुटतात, आणि तुमच्या मॉडेलचा सुटा कॅम इथे दुकानात मिळत नाही.