कोच बदलला की क्वार्टरबॅककडे कसं बघावं

अमेरिकन फुटबॉलमध्ये जानेवारीत एक सोमवार येतो, त्या दिवशी कोचांच्या नोकऱ्या जातात. रविवारी सीझनचा शेवटचा सामना, सोमवारी सकाळी हातात नारळ. यंदा माझी भाची राहते त्या शहरातला कोच गेला आणि दुपारी तिचा मेसेज आला, "मावशी, आता आमच्या क्वार्टरबॅकचं काय गं? इथे सगळे म्हणतायत, त्यालाही काढा." क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू हातात घेऊन चाल चालवणारा, पास फेकणारा खेळाडू. त्या दिवशी तिला फोनवर तासभर जे सांगितलं ते इथे नीट लिहून काढते, म्हणजे तिच्यासारख्या आणखी कुणाला उपयोगी पडेल.

मी मूळची मिरजेची, २००३ पासून सॅन होजेत. फुटबॉल मला शेजारच्या आजोबांनी शिकवला. त्यांच्याकडे सॅन फ्रान्सिस्कोच्या फॉर्टीनाइनर्स टीमच्या मैदानाची, कॅन्डलस्टिक पार्कची, दोन सीझन तिकिटं होती. त्यांच्या बायकोला गुडघ्यांमुळे पायऱ्या चढवेनात, म्हणून तिची खुर्ची माझी झाली. त्या खुर्चीत बसून मी फॉर्टीनाइनर्सच्या अ‍ॅलेक्स स्मिथला सात वर्षं पाहिलं. नव्या कोचांच्या हाताखाली एखाद्या क्वार्टरबॅकचं काय काय होऊ शकतं, ते सगळं या एका माणसाच्या बाबतीत होऊन गेलं आहे. म्हणून उदाहरण त्याचंच घेते.

पहिलं काम वहीचं. एक पान घ्या, चार रकाने आखा: वर्ष, मुख्य कोच, ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर, आणि त्या वर्षी क्वार्टरबॅक किती सामने खेळला. टचडाउन (चेंडू समोरच्यांच्या टोकाच्या पट्ट्यात नेऊन मिळवलेले गुण), इंटरसेप्शन (आपला पास समोरच्यांनी झेलणं), यार्ड (पुढे सरकलेलं अंतर) यातलं काहीही अजून लिहायचं नाही. आधी तिसरा रकाना भरायचा. कोऑर्डिनेटर म्हणजे ऑफेन्सच्या, म्हणजे चढाईच्या, चाली बसवणारा आणि बहुतेक ठिकाणी सामन्यात त्या सांगणारा माणूस. क्वार्टरबॅकचा रोजचा संबंध त्याच्याशी. बातम्यांत मात्र नाव येतं मुख्य कोचचं, त्यामुळे खरा बदल आपल्या नजरेतून निसटतो.

माझ्या वहीतलं स्मिथचं पान असं आहे. २००५ च्या ड्राफ्टमध्ये (टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात त्यात) पहिल्या क्रमांकावर निवड, वय वीस. त्या वर्षी कोऑर्डिनेटर माइक मॅकार्थी. २००६ ला नॉर्व्ह टर्नर. २००७ ला जिम हॉस्टलर. २००८ ला माइक मार्ट्झ. २००९ ला जिमी रे. २०१० मध्ये पहिले तीन सामने हरल्यावर रे गेले आणि माइक जॉन्सन आले. २०११ ला ग्रेग रोमन. सात सीझन, सात नावं. मुख्य कोच या काळात माइक नोलन, मग माइक सिंगलटेरी, मग जिम हार्बॉ, शिवाय २०१० च्या शेवटच्या एका सामन्यापुरते जिम टॉमसुला. हे पान भरून झाल्यावर चौथ्या रकान्याकडे बघा: २००८ समोर शून्य. खांदा निकामी, अख्खं वर्ष बाहेर.

हे मी आधी केलं नव्हतं. १० ऑक्टोबर २०१० च्या रविवारी रात्री ईगल्सविरुद्ध सामना होता. आम्ही सलग चार हरलेलो. स्मिथच्या हातून चेंडू सुटला, समोरच्यांनी तो उचलून टचडाउन केलं आणि स्टेडियमभर घोषणा सुरू झाली, "वी वॉन्ट कार!" मीही घसा फोडून ओरडत होते. खाली मैदानाच्या कडेला सिंगलटेरी आणि स्मिथ समोरासमोर उभे राहून वाद घालत होते, सगळ्या देशाच्या टीव्हीवर. आजोबा मात्र गप्प बसून होते. माझं ओरडणं थांबल्यावर त्यांनी एवढंच विचारलं, "जॉन्सनला येऊन किती दिवस झाले?" मी बोटं मोजली. दोन आठवडे. त्यानंतर त्याच स्मिथने सामना ओढत आणला. आम्ही २७-२४ असे हरलो. आणि ज्याच्या नावाने आम्ही ओरडत होतो तो डेव्हिड कार, आमचा राखीव क्वार्टरबॅक, २००२ च्या ड्राफ्टचा पहिल्या क्रमांकाचा खेळाडू. ह्यूस्टनमध्ये पहिल्याच वर्षी त्याला ७६ वेळा चेंडूसकट लोळवलं होतं. त्याचंही पान कुणी भरून पाहिलं नव्हतं. त्या रात्री घरी आल्यावर मी वही काढली.

आता कोऑर्डिनेटर बदलला म्हणजे नेमकं काय बदलतं, ते समजून घ्या. खेळ तोच, मैदान तेच, भाषा बदलते. दोन चालींच्या मध्ये ४० सेकंदांचं घड्याळ चालतं. क्वार्टरबॅकच्या हेल्मेटला मागे हिरवा ठिपका असतो, म्हणजे त्यात रेडिओ आहे. कोच चाल सांगतो, आणि घड्याळावर १५ सेकंद उरले की रेडिओ आपोआप बंद. तेवढ्यात क्वार्टरबॅकने ते लांबलचक वाक्य ऐकायचं, घोळक्यात दहा जणांना जसंच्या तसं म्हणून दाखवायचं, रांगेत यायचं, समोरचा बचाव वाचायचा आणि गरज पडली तर चाल बदलायची. टर्नर आणि मार्ट्झ यांची पद्धत आकड्यांची. रिसीव्हरने, म्हणजे पास झेलणाऱ्याने, कसं धावायचं त्याला एकेक अंक: नऊ म्हणजे सरळ पळत सुटायचं, आठ म्हणजे लांब जाऊन मैदानाच्या मधल्या बाजूला वळायचं, सात म्हणजे तेवढंच जाऊन कडेला. मॅकार्थींची वेस्ट कोस्ट पद्धत शब्दांची. एकच धाव एका वर्षी शब्द असते, पुढच्या वर्षी अंक.

मी एका दवाखान्याच्या बिलिंगमध्ये काम करते. आमच्याकडे दोन वर्षांत तीनदा प्रोग्रॅम बदलला. जुन्यात एफ-सेव्हन दाबलं की बिल सेव्ह व्हायचं, नव्यात तेच बटण दाबलं की अख्खी नोंद पुसली जायची. मला सगळं ठाऊक होतं, पण बोटं जुनीच राहिली. पेशंट समोर उभा असायचा आणि मी बटणावर बोट ठेवून क्षणभर थांबायचे. क्वार्टरबॅक तसा क्षणभर थांबला, तर तेवढ्यात एकशेतीस किलोचा माणूस अंगावर आलेला असतो.

हे थांबणं टीव्हीवर ओळखता येतं. नव्या कोचच्या पहिल्या चार सामन्यांत गुणांपेक्षा या गोष्टी बघा. घड्याळ संपल्याने पाच यार्डांचा दंड किती वेळा बसला. सामन्याच्या चार भागांपैकी पहिल्या किंवा तिसऱ्या भागातच, काही कारण नसताना, टाइमआउट घ्यावा लागला का. मनगटावरच्या चाली लिहिलेल्या पट्टीकडे तो किती वेळा बघतो. आणि पास चुकला की चेंडू कुठे पडला तेवढं पाहून सोडून देऊ नका, रिसीव्हर कुठे वळला ते बघा. रिसीव्हर आत वळला आणि चेंडू बाहेर पडला, तर दोघांपैकी एकाने गेल्या वर्षीची चाल खेळलेली असते. कॅन्डलस्टिकच्या वरच्या मजल्यावरून हे लख्ख दिसायचं. टीव्हीवर रिप्लेची वाट पाहावी लागते. हे प्रकार चार सामन्यांनंतर कमी होत गेले तर क्वार्टरबॅक भाषा शिकतोय. सीझनच्या मध्यातही तसेच असतील, तर काळजी करा.

नव्या मुख्य कोचबद्दल एक प्रश्न जरूर विचारा: चाली तो स्वतः सांगणार की कुणाकडून सांगवणार? नोलन आणि सिंगलटेरी दोघेही बचावाकडचे. अशा वेळी क्वार्टरबॅकची गाठ कोऑर्डिनेटरशी, आणि कोऑर्डिनेटर टिकत नाही. चांगला निघाला तर दुसरी टीम त्याला मुख्य कोच करून घेऊन जाते, वाईट निघाला तर काढतात. मॅकार्थी एका वर्षात ग्रीन बेला गेले, टर्नर एका वर्षात सॅन डिएगोला. टर्नरच्या हाताखाली स्मिथ पहिल्यांदा पूर्ण १६ सामने खेळला होता, १६ टचडाउन दिले होते. आदल्या वर्षी अवघा एक. जमत आलेली भाषा पुन्हा पुसली. आणि योगायोग पहा, २००५ मध्ये फॉर्टीनाइनर्सनी ज्याच्याऐवजी स्मिथला घेतलं तो अ‍ॅरन रॉजर्स ग्रीन बेमध्ये होता. त्याला तेच मॅकार्थी २०१८ पर्यंत मिळाले. या दोघांची तुलना करणाऱ्या माणसाला मी आधी वही दाखवते.

मार्च महिना नीट बघा, तेव्हा टीम बाहेरचे खेळाडू आणतात. नवा कोच दुसऱ्या क्रमांकाचा क्वार्टरबॅक म्हणून कुणाला आणतो? तो त्याच्या जुन्या टीममधला असेल, तर कान टवकारा. त्या माणसाला भाषा आधीच येते. मार्ट्झ २००८ मध्ये डेट्रॉइटहून आले, त्यांच्यामागून जे. टी. ओ'सुलिव्हन आला आणि सीझनची सुरुवात त्यानेच केली. पुढे २०२० मध्ये वॉशिंग्टनला रॉन रिव्हेरा आले, त्यांनी कॅरोलायनाहून काइल अ‍ॅलनला आणलं.

करारात एकूण रकमेकडे बघू नका, हमीची रक्कम किती ते बघा. २०१२ मध्ये स्मिथने तीन वर्षांचा २.४ कोटी डॉलरचा करार केला, आणि एक सीझन संपताच तो कॅन्सस सिटीला गेला.

एप्रिलच्या ड्राफ्टबद्दल भाचीने खोदून खोदून विचारलं. पहिल्या दोन फेऱ्यांत टीमने क्वार्टरबॅक घेतला, तर आपल्या माणसाचं घड्याळ सुरू झालं असं समजा. मात्र ते त्याच दिवशी वाजत नाही. हार्बॉंनी २०११ मध्ये ३६ व्या क्रमांकावर कॉलिन केपरनिकला घेतलं, त्याचा नंबर लागायला दीड सीझन गेला. कॅन्सस सिटीने २०१७ मध्ये १० व्या क्रमांकावर पॅट्रिक माहोम्सला घेतलं, तर स्मिथ त्या वर्षी पासर रेटिंगमध्ये (पास फेकण्याच्या कामगिरीच्या गुणांकात) अख्ख्या लीगमध्ये पहिला आला. पुढच्या जानेवारीत त्याला वॉशिंग्टनला देऊन टाकलं.

क्वार्टरबॅक स्वतः काय करतोय, हे उन्हाळ्यात बघायचं. २०११ मध्ये मालक आणि खेळाडूंच्या वादातून मार्च ते जुलै लॉकआउट होता. कोचला खेळाडूंशी बोलायलाही बंदी. हार्बॉ नवे, चाली नव्या, आणि शिकवणार कोण? स्मिथचा करार संपलेला होता, कागदोपत्री तो त्या टीमचा नव्हताच. तरी मधल्या थोड्या मोकळ्या दिवसांत त्याने प्लेबुक, म्हणजे चालींचं पुस्तक, मिळवलं आणि इथे सॅन होजे स्टेटच्या मैदानावर सगळ्यांना जमवून स्वतः शिकवायला लागला. लोक त्या सरावाला 'कॅम्प अ‍ॅलेक्स' म्हणायचे. मी रोज त्याच भागातून कामावर जायचे. आठ महिन्यांपूर्वी ज्याला शिव्या घातल्या तो बिनपगारी, बिनकराराचा माणूस तिथे आमच्याच टीमला उभं करत होता, हे आठवलं की अजूनही घशात येतं.

त्या वर्षी १३ विजय, ३ पराभव. स्मिथची फक्त ५ इंटरसेप्शन. १४ जानेवारी २०१२ ला सेंट्सविरुद्ध ९ सेकंद उरले असताना त्याने व्हर्नन डेव्हिसला १४ यार्डांवरून टचडाउन दिलं, ३६-३२. डेव्हिस वळायच्या आत चेंडू हातातून सुटला होता. एकमेकांची भाषा पाठ असल्याशिवाय असा चेंडू सोडता येत नाही. आजोबांनी माझा हात इतका दाबला की बांगडी फुटली.

तरीही शेवट हातात नसतो, हे मनाशी धरून चला. ११ नोव्हेंबर २०१२ ला रॅम्सविरुद्ध डोक्याला मार लागून तो बाहेर पडला. त्या वर्षी त्याचे सत्तर टक्के पास पूर्ण होत होते. बरा झाला तेव्हा जागा केपरनिकची झाली होती. दुखापतीमुळे जागा जाऊ नये असं माझं मत आहे, डोक्याच्या दुखापतीमुळे तर नाहीच. नाहीतर कोण कशाला सांगेल की मला नीट दिसत नाहीये? पण कोच असा विचार करत नाहीत, तेव्हा टीमने जाहीर केलेली दुखापतींची यादी दर बुधवारी वाचत जा.

चांगला कोच मिळाला तर काय होतं तेही वहीत आहे. कॅन्सस सिटीने २०१२ मध्ये दोनच सामने जिंकले होते. २०१३ मध्ये अँडी रीड आणि स्मिथ दोघेही नवे, ११ जिंकले. रीड ऑफेन्सचे, पाच वर्षं तेच आणि पद्धत तीच. माझ्या पानावर एवढाच भाग सलग आहे.

सर्वांत खालची ओळ वॉशिंग्टनची. नोव्हेंबर २०१८ मध्ये पाय मोडला, जंतुसंसर्ग झाला, १७ शस्त्रक्रिया झाल्या. ११ ऑक्टोबर २०२० ला अ‍ॅलन जखमी झाला आणि स्मिथ मैदानात आला. त्या वेळचा त्याचा कोऑर्डिनेटर स्कॉट टर्नर, नॉर्व्ह टर्नरचा मुलगा. चौदा वर्षांनी पुन्हा टर्नरच्या घरची भाषा. त्याने सुरुवात केलेल्या सहा सामन्यांपैकी पाच जिंकले.

काल रात्री भाचीने तिच्या पानाचा फोटो पाठवला. पाच वर्षं, तिसऱ्या रकान्यात चार नावं, अक्षर घाईचं. खाली तिने पाचव्या नावासाठी पेन्सिलीने चौकट आखून ठेवली आहे.