हिवाळी ट्रेकआधी स्लीपिंग बॅगची परीक्षा कशी घ्यावी

उत्तराखंडातील केदारकंठा किंवा ब्रह्मताल यांसारख्या हिवाळी ट्रेकसाठी महाराष्ट्रातून जाणारे अनेक जण नवी स्लीपिंग बॅग थेट बर्फातल्या पहिल्या मुक्कामावरच उघडतात. तिथे रात्री पारा उणे १० अंशांच्या आसपास उतरू शकतो आणि बॅग अपुरी ठरली, तर उजाडण्याची वाट पाहत कुडकुडण्यावाचून गत्यंतर नसते. म्हणून ही परीक्षा आधी आपल्याच मुलखात, डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत आणि चार पावलांवर उबदार खोली असेल अशा जागी घ्यावी.

आधी बॅगेवरचे आकडे समजून घ्यावेत. आयएसओ २३५३७ या मानकानुसार तपासलेल्या बॅगेवर ‘कम्फर्ट’, ‘लिमिट’ आणि ‘एक्स्ट्रीम’ अशी तापमाने दिलेली असतात. थंड केलेल्या खोलीत, कपडे घातलेला आणि मॅटवर ठेवलेला तापता पुतळा वापरून ही चाचणी केली जाते. ‘कम्फर्ट’ म्हणजे प्रमाण मानलेली स्त्री सैल अंगाने झोपू शकेल असे तापमान. ‘लिमिट’ म्हणजे प्रमाण मानलेला पुरुष अंग मुडपून कशीबशी रात्र काढू शकेल असे तापमान. ‘एक्स्ट्रीम’ हा आकडा केवळ जीव वाचण्याशी संबंधित आहे आणि त्या तापमानात शरीर धोकादायकरीत्या गार पडू शकते, त्यामुळे खरेदी करताना तो विचारातच घेऊ नये. माझ्या मते पुरुषांनीही ‘कम्फर्ट’चाच आकडा धरावा. आणि बॅगेवर एकच तापमान असेल, ते यांपैकी कोणते हे कुठेही लिहिलेले नसेल, तर तिची परीक्षा घेतल्याशिवाय तिच्यावर मुळीच विसंबू नये.

जागेची निवड महत्त्वाची आहे. गच्ची सोयीची असली, तरी दिवसभर तापलेला स्लॅब रात्री उष्णता सोडत राहतो आणि बॅग आहे त्यापेक्षा उबदार भासते. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन झपाट्याने निवते आणि तिच्यालगतची गार, जड हवा सखल भागात साचते. महाबळेश्वरला बाजारपेठेत नव्हे, तर वेण्णा तलावाच्या काठावर दवबिंदू गोठतात, ते याच कारणाने. त्यामुळे निफाड किंवा धुळे परिसरातील एखाद्या ओळखीच्या मळ्यातील उघडी, सखल जागा उत्तम. तिथल्या थंडीच्या लाटेत पारा ५ अंशांच्या खाली गेल्याच्या नोंदी आहेत. गडावर जायचे असेल, तर तिथे मुक्कामाला परवानगी आहे का, हे आधी विचारून घ्यावे. मोबाइलवर दिसणारे तापमान दूरच्या केंद्राचे किंवा अंदाजाचे असू शकते. म्हणून किमान तापमान नोंदवून ठेवणारा साधा थर्मामीटर बॅगेशेजारी, बॅगेच्याच उंचीवर ठेवावा.

संध्याकाळी बॅग पिशवीतून तासभर आधी बाहेर काढून हलक्या हाताने झटकावी, म्हणजे आतील पिसे किंवा कृत्रिम तंतू पुरते फुगतात. ऊब धरून ठेवते ती या भरणात अडकलेली हवा. बॅग स्वतः उष्णता निर्माण करत नाही. म्हणून पोटभर जेवावे, थोडे चालून अंग गरम करावे आणि मगच आत शिरावे. अंगात कोरडे, पातळ, पूर्ण बाह्यांचे कपडे, कोरडे मोजे आणि कानटोपी एवढेच असावे. ट्रेकला नेणार असाल तीच मॅट खाली घ्यावी. घरची गादी घेतली, तर या रात्रीचा काही उपयोग होणार नाही.

आता प्रश्न असा की ५ अंशांच्या रात्री उणे १० अंशांच्या बॅगेची पारख कशी होणार? त्वचेचे तापमान साधारण ३३ अंश धरले, तर बाहेर ५ अंश असताना फरक २८ अंशांचा पडतो आणि उणे १० असताना ४३ अंशांचा. म्हणजे तिथे त्याच बॅगेतून जवळपास दीडपट वेगाने उष्णता निघून जाईल. यावरून कसोटी ठरवता येते. उणे १० अंश ‘कम्फर्ट’ असलेल्या बॅगेत ५ अंशांना उकडायला हवे, मध्यरात्रीपर्यंत चेन थोडी उघडावीशी वाटायला हवी. पहाटेपर्यंत चेन गळ्यापर्यंत लावून ‘ठीक आहे’ असे वाटत असेल, तर त्या बॅगेच्या भरवशावर बर्फात जाऊ नये. मात्र उकडले म्हणजे बॅग शंभर टक्के पास झाली, असेही नाही, कारण तिथे दिवसभराची दमछाक, उंचीमुळे मंदावलेली भूक आणि ओलसर कपडे यांची भर पडते.

खरी माहिती मिळते ती थंडी नेमकी कुठून लागते, याकडे लक्ष दिल्यावर. सूर्योदयाच्या सुमारास, म्हणजे गारठा सर्वाधिक असताना, जागे होऊन हे तपासावे आणि तिथेच वहीत टिपून ठेवावे. कंबर आणि पाठ गार पडत असेल, तर दोष बहुधा मॅटचा असतो, कारण अंगाखाली दबलेल्या भरणात हवा उरत नाही आणि जमीन उष्णता ओढून घेते. मॅटची रोधकता ‘आर’ मूल्याने मोजतात. बर्फावर ते ४ किंवा ५ च्या पुढे असावे आणि एक मॅट कमी पडल्यास खाली दुसरी फोम मॅट घातली, तर दोन्हींची मूल्ये जोडली जातात. एका कुशीला रेघेसारखा गारवा जाणवला, तर चेनमागची भरलेली पट्टी चेनवर नीट बसलेली नाही असे समजावे. गळ्याशी गार झुळूक येत असेल, तर हुडाची दोरी ओढून घ्यावी. नाक-तोंड मात्र बाहेरच ठेवावे, कारण श्वासातील बाष्पाने भरण ओले होते. खांदे किंवा पावले कापडाला ताणून टेकत असतील, तर बॅग मापाने लहान आहे. अशा वेळी आत जाड जाकीट घातले, तर भरण आणखी दबते आणि थंडी वाढते.

एका रात्री एकच गोष्ट बदलावी. पहिली रात्र उघड्यावर, दुसरी तंबूत, त्यानंतर दुसरी मॅट किंवा आतले अस्तर (बॅगेत घालायची पातळ खोळ), असे केल्यास कशाने किती फरक पडला, ते कळते. उघड्यावर बॅगेचे बाहेरचे कापड दवाने भिजले, तर आतील भरणापर्यंत ओल पोहोचली का, ते सकाळी चाचपून पाहावे. पिसांची बॅग ओली झाली की तिची ऊब मोठ्या प्रमाणात जाते, कृत्रिम तंतूंची तुलनेने टिकते.

ही परीक्षा एकट्याने घेऊ नये. हुडहुडी थांबत नसेल, बोटे बधिर होत असतील किंवा बोलणे अडखळू लागले, तर चाचणी तिथेच सोडून खोलीत जावे आणि गरम पेय घ्यावे. दारू टाळावी, कारण तिने ऊब आल्याचा भास होतो, पण त्वचेतील रक्तवाहिन्या रुंदावून शरीरातील उष्णता अधिक वेगाने निघून जाते. तंबूत शेगडी किंवा स्टोव्ह कधीही पेटवू नये. कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही आणि झोपेतच जीव घेतो.

बॅग कमी पडली, तर लगेच नवी घेण्याची घाई करू नये. आधी मॅट सुधारावी, मग अस्तर जोडावे, झाकण घट्ट बसणारी गरम पाण्याची बाटली मोज्यात घालून पायांशी ठेवून पाहावी आणि प्रत्येक बदलानंतर पुन्हा एक रात्र बाहेर झोपावे. एवढे करूनही ५ अंशांना पहाटे काकडायला होत असेल, तर दुसरी बॅग घ्यावी किंवा चांगली बॅग भाड्याने मिळण्याची सोय निघण्यापूर्वीच करावी.