तारकुंपण घालण्याआधी मोजणी
शेजारचे अण्णा दर नांगरटीला बांध थोडा कोरायचे. मला तारकुंपण घालायचं होतं, पण सातबाऱ्यावर क्षेत्र कळतं, हद्द नाही. म्हणून भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम मोजणीचा अर्ज केला. लगतच्या खातेदारांना नोटीस कार्यालयच पाठवतं. तरी मी अण्णांना घरी जाऊन सांगितलं, 'तुम्ही समोर हवे.' माझ्या मते निम्मं काम तिथेच झालं. भूकरमापकाने दाखवलेल्या खुणांवर त्यांच्यादेखत दगड रोवले. मोजणीच्या नकाशाची 'क' प्रत हाती आल्यावर खांब हद्दीच्या आत घेतले. जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १४० नुसार हद्दीच्या खुणा सांभाळणं खातेदाराकडेच आहे. बांधावरून कुणाची वहिवाट असेल तर मात्र फाटक ठेवा. तो वाद कलम १४३ खाली तहसीलदारांकडे जातो.