फडात ठिपक्यांची पिल्लं सापडली तर

"काका, घरी नेऊया की! पुण्यात लोक असलीच ठिपक्यांची मांजरं पैसे मोजून पाळत्यात." पुतण्याच्या पायाशी पाचटात तीन पिल्लं. कराड तालुक्यातला आमचा ऊस, तोडणी निम्म्यावर आलेली.

पहिलं काम म्हणजे कोयते थांबवा. ट्रॅक्टर उभा, मुकादम कुरकुरतो, तरी टोळी मागं घ्या. आई बहुधा शेजारच्या उभ्या उसातच असते आणि ती बिबट्याची मादी असेल तर चेष्टा नाही. पिल्लांना हात लावू नका. गाईचं दूध तर मुळीच पाजू नका, ढाळ लागतात. फोटो स्टेटसला टाकलात की तासाभरात जत्रा भरते. वनविभागाला १९२६ वर फोन करा, गाव आणि गट नंबर सांगा.

कसली पिल्लं आहेत हे आपणच ठरवायचा हट्ट नको. बिबट्याचं पिल्लू जाड पंजांचं, अंगभर ठिपके. रानमांजराच्या पिल्लाला फिकट पट्टे. वाघाटी, म्हणजे ठिपक्यांचं चिमुकलं रानटी मांजर, तर पूर्ण वाढूनही दीड किलोच्या आसपास. हे सगळं मला तोंडपाठ. तरी मी "बिबट्या!" म्हणून वस्ती गोळा केली आणि वनरक्षकानं बघितल्या बघितल्या रानमांजर सांगितलं.

आता पुतण्याचं पुणं. ती बेंगाल मांजरं. अमेरिकेत रानातलं बिबट मांजर (बिबट्या नव्हे, लहान रानटी मांजर) आणि घरचं मांजर यांचा संकर करून ती जात काढली. सायटीस या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात मागच्या चार पिढ्यांत रानटी पूर्वज असेल तर असलं संकरित जनावरही वन्यच धरतात. म्हणजे घेणाऱ्यानं आधी वंशावळीचे कागद मागावेत. फडातल्या पिल्लाला तर कागदाचाही प्रश्न नाही. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात जिवंत धरणं हीसुद्धा शिकारच. बिबट्या, वाघाटी अनुसूची १ मधली, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीतली. त्यांच्यासाठी ३ ते ७ वर्षं कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. एवढं ऐकल्यावर पुतण्या बांधावर जाऊन बसला.

वनविभागाच्या माणसांनी टोमॅटोचं कॅरेट मागितलं, त्यात पिल्लं ठेवली आणि दिवस मावळताना कॅरेट पिल्लं सापडली त्याच जागी नेऊन मांडलं. बिबट्याच्या पिल्लांचंही असंच करतात, शेजारी कॅमेरा लावतात. रात्री तिकडं कुणी फिरकायचं नाही, बॅटरी मारायची नाही. आई एकेक करून उचलून नेते. नाही आली, तर दुसऱ्या रात्री पुन्हा.

सकाळी कॅरेट रिकामं होतं. चार सऱ्या मात्र एक दिवस उभ्या राहिल्या, त्याचं चहापाणी मुकादमानं वेगळं घेतलं.